दवाई कोणती होती

पांढरकवड्याला हायवेवर जलालचं गॅरेज आहे. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस. हातून चुकीचा पार्ट बसला, तर गाडीमागे मुकुटबनपर्यंत जाऊन बदलून येईल. कापसाच्या त्या वाईट वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या लिहायला पेपरवाल्यांची रीघ लागली, तेव्हा त्याची जीप रोज भाड्याने जाई. त्यातलाच एक पुढे मोठा लेखक झाला. त्याचं नाव मी घेणार नाही. घेतलं की तोंड कडू होतं.

जलालने त्याला बंजाऱ्यांचे तांडे फिरवले, वाटेत शब्द शिकवले. "साहेब, आमच्या इकडे दवाई म्हनलं का फवाऱ्याचं जहर समजाचं. दवाई पेला म्हंजे गेला." साहेबांनी जीप थांबवून ते वहीत टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रुपीबाईच्या अंगणात वही पुन्हा उघडली. तिचा नवरा भावसिंग फवारणी करून आला, ताप चढला, उलट्या झाल्या. तिने धावत जाऊन मेडिकलमधून गोळ्या आणल्या. पहाटे तो गेला. साऱ्या तांड्याला हे ठाऊक. ती साहेबांना एवढंच म्हणाली, "मीच दवाई आणून देल्ली होती त्याइले." जलाल तेव्हा जीपखाली जॅक लावत होता. साहेबांना नवा शब्द येत होता, मग आणखी विचारायचं कशाला!

पुस्तकाचं नावच 'मीच दवाई आणून दिली'. कव्हरवर रुपीबाईचा फोटो, आत तिने जहर दिल्याची 'धीट कबुली'. पेपरात उतारा छापून आला आणि तिच्या पुष्पाची ठरलेली सोयरीक अडली. नवऱ्याला जहर देणारीची पोरगी नको, म्हणाले. साहेबांच्या हातचा कागद आणा, मग बघू.

विद्यापीठाने यवतमाळात साहेबांचं जाहीर व्याख्यान ठेवलं, तेव्हा त्या कागदासाठी जलाल मला घेऊन गेला. मी कॉलेजात मराठी शिकवतो. साहेबांशी शुद्ध बोलायला सोबत माणूस हवा होता. मी तिथे तोंड उघडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

साहेब सुरेख बोलले. औषधाला आणि विषाला एकच शब्द असलेला प्रदेश, वगैरे. प्राध्यापक मंडळी डोळे पुसत होती. टाळ्या मीही वाजवल्या. किळस नंतर आली, त्यांचीही आणि माझीही.

प्रश्नोत्तरं सुरू होताच जलालने माईक मागून घेतला. "साहेब, ते दवाई तापाची होती. रुपीबाईनं जहर नाही देल्लं. पार्ट चुकीचा बसला, बदलून द्या. पोरीचं लगन अडून राह्यलं."

साहेब हसले. "मित्रांनो, हेच ते जलालभाई! हा शब्द मला यांनीच दिला." टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी जलालच्या खांद्यावर शाल टाकली आणि प्रश्न त्या शालीखाली गेला.

नंतर साहेबांच्या खोलीत जलालने पुन्हा तेच सांगितलं. साहेब चिवडा खात म्हणाले, "बरोबर असेल तुमचं. पण आता शीर्षकच ते आहे ना!" मग एक प्रत ओढून पहिल्या पानावर झरझर लिहिलं, सही ठोकली. "घ्या, दिलं लिहून." मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकून होतो, ते सहीसुद्धा करतात, हे त्या दिवशी कळलं.

सकाळी तांड्यावर गेलो. पुष्पा दारात उभी होती.

"देल्लं का साहेबानं लिहून?" रुपीबाईने विचारलं.

जलालने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाचा सर. तुमचंच मराठी हाये ते."

मी वाचलं, "रुपीबाईंना, तुमच्या धैर्याला सलाम."

"धैर्य म्हंजे?"

"हिंमत," जलाल म्हणाला.

"कायची हिंमत, भाऊ?"

आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होतं. पुष्पासमोर ते सांगायची हिंमत मात्र एकातही नव्हती.