काकूंचं स्टूल आणि साहेबांचा समाधान फॉर्म

औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात काकू एकोणीस वर्षं उभ्या होत्या. पट्ट्यावरून बाटल्या सरकायच्या, मागे दिवा. तडा दिसला की बाटली बाजूला. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, काकूंनी मंजूर केला नव्हता इतकंच.

दरवर्षी साहेब समाधान फॉर्म वाटायचे. डोक्यावर मुकादम उभा. बायका न वाचताच ‘अतिशय समाधानी’वर खूण करायच्या आणि साहेब तो निकाल पाहुण्यांना दाखवत मिरवायचे.

मग युनियन झाली. झाकणं लावणारी एक पोरगी सेक्रेटरी. जीभ अशी की मुकादम तिला पाहून वाट बदलायचा. तीन महिने भांडून तिने प्रत्येकीला स्टूल मिळवून दिलं. काकू पहिल्यांदा बसल्या तेव्हा लाजल्या, जणू भर मांडवात कुणी डोळा मारला.

यंदा फॉर्म आले, तेव्हा युनियनने मुकादमाला बाहेर बसवलं. काकूंनी पहिल्यांदाच प्रश्न वाचले. हवा? भट्टी. संडास? तीनशे बायकांना दोन. पगार? छ्या! खूण केली: ‘अजिबात समाधानी नाही’. सगळ्यांनीच तीच केली.

साहेब फॉर्म फडकवत पट्ट्यापाशी आले. “काकू, तुम्हीसुद्धा? युनियन नव्हती तेव्हा सुखात होतात! खूण बदला, नाहीतर स्टूल गोदामात.”

स्टूल गेलं की गुडघे गेले. पण काकूंचं तोंड थांबेना.

“साहेब, तेव्हा पाय एवढे ठणकायचे की दुसरं काही दुखतंय हे कळायचंच नाही. आता बसले, तर बाकीचं कळायला लागलं.”

“म्हणजे स्टूल देऊन मीच चुकलो?”

“ते तुमच्या फॉर्मात लिहा.”

दोन शिपाई स्टूल उचलायला आले. काकू हलल्या नाहीत. “उचला, माझ्यासकट उचला.” काकूंचा आकार पाहून शिपाई एकमेकांकडे बघू लागले.

“काकू, पट्टा बंद करू?” सेक्रेटरी ओरडली.

“राहू दे गं. चालू दे.” आणि काकूंनी हाताची घडी घातली. शेजारणींनीही घातली.

बाटल्या सरकत राहिल्या. एक तडकलेली थेट खोक्यात गेली. मग दुसरी. साहेब धावले, वाकून तडे शोधू लागले. चार खोकी होईस्तोवर त्यांनी कंबर धरली.

“बरं, राहू दे स्टूल!”

काकूंनी घडी सोडली नाही. “लेखी द्या.”