घरं गळालेलं चित्र

माझा मुलगा बिल्डर लोकांसाठी कॉम्प्युटरवर चित्रं करायचा. अजून बांधायची असलेली घरं पडद्यावर उभी करायची, भोवती झाडं लावायची, आणि गिऱ्हाइकाला दाखवायची. आमच्या कॉम्प्युटरला असं एक चित्र पक्कं करायला दिवसच्या दिवस लागले असते. म्हणून तो सगळ्या फायली इंटरनेटवरून लांबच्या कुठल्यातरी कंपनीला धाडायचा. तिथली पुष्कळ यंत्रं मिळून ते काम करत आणि तयार चित्रं परत येत. मला हे कधी खरं वाटायचं नाही, पण येत खरी.

त्यात माझाही हात असायचा. मी चौथी शिकलेली, पण फोल्डर म्हणजे डबा, एवढं कळायला चौथीही जास्त झाली. तो बाहेर गेला की सांगितलेले डबे एका मोठ्या डब्यात ओढायचे, बटण दाबायचं आणि समोर बसून राहायचं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची. आमच्याकडे फोन उचलला की नेट तुटायचं आणि सगळं पहिल्यापासून धाडावं लागायचं. म्हणून वाजला तरी फोन उचलायचा नाही, अशी ताकीद होती. मला ते बरंच होतं. समोरचं तोंड दिसत नाही, तर बोलायचं कोणाशी? मी आपणहून कोणाला फोन करायचीच नाही.

त्या वर्षी समुद्रकाठच्या बंगल्यांचं मोठं काम आलं. लाल कौलं, हिरवळ, मध्ये पोहायचा तलाव. चहा ठेवायला जायची तेव्हा मी बघत उभी राहायची.

"कुठलं रे हे?"

"हाय एक साइट, आये."

मुंबईचे लोक दुसऱ्या दिवशी चित्र बघायला यायचे होते. दुपारी तो जेवायला आला आणि परत आलेलं चित्र उघडलंन.

घरं नव्हती. झाडं नव्हती, माणसं नव्हती. नुसती उघडी जमीन आणि मागे समुद्राचा फोटो.

"मेलो!" तो ओरडला. "घरं न झाडं बाहेरच्या डिस्कवर, आणि डिस्क माझ्या बॅगेत! आपण धाडलेल्यात नुसता पत्ता. त्या यंत्रांना त्या पत्त्यावर काय मिळणार, डोंबल?"

मी ऐकत नव्हते. समुद्रात डावीकडे एक काळा खडक होता. पाठ वर, मान पाण्यात, शिंगाच्या जागी फुटका कपचा. आम्ही पोरी त्याला म्हैस म्हणायचो. इतके दिवस ती बंगल्यांच्या मागे झाकलेली होती. बुरोंडीच्या बाजूला माझं माहेर आहे, आणि ती म्हैस जिथून अशी दिसते ती जागा एकच. आमचं खळं. तिथे आईने मासळी सुकवली, मी सुकवली, आता माझी वहिनी सुकवते. बोंबलांचे बांबू तिथेच रोवलेले असतात. फोटोत तेही पुसून टाकलेले होते.



"ही म्हैस ना रे?"

तो बॅगेतून डिस्क काढत होता. काढतच राहिला.

"मामानी बिल्डरला दिलीन ती जागा, आये. गेल्या साली."

"आणि मामी?"

"मामा सांगणार हाय तिला. तू मध्ये पडू नको."

कितीतरी दिवस माझ्या घरात, माझ्या हातचा चहा पीत, याने माझ्या खळ्यावर हिरवळ पसरली होती. आणि मी म्हणत होते, किती छान.

त्याने घरं, झाडं सगळी एका डब्यात भरलीन, पुन्हा धाडायला लावलीन, आणि हात धुवून पानावर बसला. "पट्टीवर लक्ष ठेव," म्हणाला. मी वाढलं. मग पट्टीसमोर येऊन बसले. ती अर्ध्याच्या पुढे गेली असेल.

मी फोन उचलला आणि वहिनीचा नंबर फिरवला.

"अगो बाय, तू? आणि फोन?" वहिनी हसायलाच लागली. "कोण मेलं काय?"

"वयनी, खळ्यावर होतीस काय?"

"मग काय सिनेमाला? आताच जवळा पसरून आलंय. कावळे जीव खातायत. धाडू काय तुला?"

पडद्यावरची पट्टी थांबली होती. मागे पाटाचा आवाज झाला, आणि उष्ट्या हाताने मुलगा दारात येऊन उभा राहिला. "आये, ठेव तो फोन." मी ठेवला नाही.

"वयनी, दादाला विचार, खळं कोणाला दिलंन ते."

पलीकडून नुसते कावळे ऐकू आले. मग फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला आणि वहिनीने दादाला मारलेली हाक. तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

चित्रं मुंबईच्या लोकांना उशिरा का होईना, मिळाली. खळंही गेलं. दादा माझ्याशी बोलत नाही. मुलगा बोलतो, पण फायली आता स्वतःच धाडतो. वहिनीने मात्र बिल्डरची माणसं यायच्या आधी आपले बांबू आपल्या हाताने उपटून घरी नेले. त्यातले दोन तिने मला धाडले, एस्टीच्या टपावर बांधून. माझ्या मागीलदारी ते रोवलेले आहेत. बोंबील घालायला तिथे ऊन पुरत नाही, म्हणून मी त्यांच्यावर कपडे वाळत घालते.