डोंगर मस्कतला, जीव चांदूर बाजारात

मस्कतला नोकरी करणाऱ्या गजेंद्रच्या छातीत मध्यंतरी कळ आली, डॉक्टरांनी चढ चढायची मनाई केली. हे फक्त चांदूर बाजारातल्या त्याच्या बायकोला, इंदूबाईला ठाऊक होतं. "आचलले सांगशील तर तिच्याच डोक्याची आण," असं त्यानं बजावलं होतं. आणि आज तीच लेक, आचल, सुट्टीत बापाकडे जाऊन त्याला डोंगरावर घेऊन निघाली होती.

"आई, इकडे पाय ना, बाबा कसे चढून राहिले!"

आचलनं व्हिडिओ कॉलचा कॅमेरा बापाकडे वळवला. गजेंद्र दर वळणावर बुटाची नाडी बांधायला बसत होता. बोलावं तर लेकीची आण, गप्प राहावं तर नवरा! इंदूबाईनं कपाळ धरलं.

"आचल, मलेच गरगरून राहिलं वं. खाली उतरा तुमी."

आचल घाबरून थांबली. गजेंद्रनं फोनमध्ये डोकावून बायकोकडे पाहिलं आणि ओळखलं.

"तुही माय मोठी नाटकी हाये," तो हसला. "काई नाही झालं तिले. चाल, माथा आलाच."

"वर पोचून दाखवते, आई," म्हणत आचलनं चालू फोनच खिशात टाकला. अंधाऱ्या पडद्यातून आता पावलं ऐकू येत होती, आणि गजेंद्रची धाप.