बाळंतिणीचे लाडू
खोलीतल्या सोबत्याला घरून मेथीचे लाडू आले आहेत. डबा उघडताच तो कडसर, तुपकट वास आला आणि गावाकडची एक आवणी आठवली. त्या वर्षी वडिलांचे गुडघे इतके धरले होते, की चिखलात वाकून भाताची रोपं लावणं त्यांना जमेलसं वाटत नव्हतं. कॉलेज उघडलं होतं. पण ते उभे राहू शकले नसते, तर मलाच शेत धरावं लागलं असतं आणि पुणं सुटलं असतं. कामशेतच्या वैद्यांनी डिंक-मेथीचे लाडू खायला सांगितले. आईने ते केले, पण वडील हात लावीनात. आमच्याकडे ते बाळंतिणीखेरीज कोणी खात नसे. "मी काय बाळंत झालोय व्हय?" ते चिडून म्हणाले. "नगा खाऊ," आई म्हणाली, "पोराला सांगा, कालेज सोड म्हनून." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेताच्या बांधावर बसून, आवणीला आलेल्या सगळ्यांसमोर लाडू काढला. शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, "काय भाऊ, पोरगं झालं का पोरगी?" सगळे खदखदून हसले. माझी मान खाली गेली. वडील मात्र शांतपणे चावत राहिले. "पोरगंच झालंय," ते म्हणाले, "पुन्याला कालेजात जातंय." मग हात झटकून ते चिखलात उतरले. लाडवांचा गुण किती आला, मला खात्रीने सांगता येत नाही. रोज संध्याकाळी गुडघे शेकावे लागतच होते. पण आवणी त्यांनीच पुरी केली, म्हणून आज मी या खोलीत आहे.