श्वास पुसलेली कॅसेट

तेसी गाणं ऐकताना शब्दांकडे लक्षच द्यायची नाही. टेपला कान लावायची, डोळे मिटायची आणि ओळ संपली की एक बोट वर करायची. "हा बघ, घेतला," म्हणायची. काय घेतला? तर श्वास!

बहारीनमधल्या एका हॉटेलात आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालायचो आणि गुदैबिया भागात एकाच खोलीत राहायचो. मी वसईची, ती फिलिपिन्सची. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चला बरोबर जायचो. तिची लेक लिझेल मनिलात गायची आणि तिला लहानपणापासून दमा होता. नव्वदीच्या सुरुवातीला फोन परवडायचा नाही, म्हणून तिच्याकडची माणसं पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवत. लिझेल दर वेळी सांगायची, मी मजेत आहे. तेसी मान हलवायची. "तोंड काहीही बोलतं गं. श्वासाला खोटं बोलता येत नाही."

लिझेलचा पहिला अल्बम लहानशा स्टुडिओतला होता. त्यातले सगळे श्वास तेसीला पाठ होते. "इथे दमली. इथे जेवली नव्हती बघ." मी चिडवायची, "आणि गाणं कधी ऐकणार?"

"गाणं लोक ऐकतात ना, रोझी. मी आई आहे."

दुसरा अल्बम रजेवरून परतलेल्या एका मुलीने आणला. या वेळी कंपनी मोठी होती. कव्हरवर लिझेल ओठ रंगवून हसत होती. मी हौसेने केक आणला. तेसीने कॅसेट लावली, डोळे मिटले. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं, बोट काही वर गेलं नाही. तिचा चेहरा उतरला.

"रोझी, ही श्वासच घेत नाही."

"अगं, स्टुडिओवाले काढून टाकतात. गाणं स्वच्छ वाटावं म्हणून."

"पण सगळेच का काढावे लागले?"

केक तसाच राहिला.

मग ड्युटी सुटली की रोज टेलिफोन बूथ. तिकडे घंटी वाजत राहायची, कुणी उचलायचं नाही. मी धीर द्यायला म्हणायची, "सगळं ठीक असेल, इंशाल्ला." ती खेकसायची, "तू नको म्हणूस ते! रजा द्यायची नसली की सुपरवायझर हेच म्हणतो." तिच्या हातून चादरींच्या घड्या उलट्या पडायला लागल्या. मी गुपचूप सरळ करायची.

शेवटी एकदा तेसीच्या बहिणीने फोन उचलला. रेकॉर्डिंग चालू असतानाच लिझेलला दम्याने गाठलं होतं. अर्धी अर्धी ओळ गाऊन घेऊन गाणी जोडली होती, आणि धाप ऐकू येऊ नये म्हणून श्वास पुसले होते. आता ती इस्पितळात होती. आईला कळवायचं नाही, अशी तिने घरच्यांना शपथ घातली होती.

तेसी रडली नाही. तडक सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिली. तो करार, रजा असलं काही सांगू लागला. "रजा मफी, नकोच," ती म्हणाली. "नोकरी खलास. मला घरी पाठवा."

निघताना तिने ती कॅसेट माझ्या हातात ठेवली. "तू ठेव. मला ऐकवत नाही."

नंतर कितीतरी महिने काहीच कळलं नाही. तिच्या पलंगावर दुसरी मुलगी आली. माझा जीव मात्र टांगणीलाच होता. कधी मी ती कॅसेट लावायची, आणि एक गाणं संपायच्या आत घाबरून बंद करायची. लिझेल आहे की नाही, हे कुणाला विचारायचं धाडसही मला झालं नाही.

मग एके दिवशी कुणाच्या तरी हाती माझ्यासाठी एक नवी कॅसेट आली. कव्हरवर लिझेलच, जरा बारीक झालेली. पण फोटो कधीचा, कोण जाणे. मी टेपला कान लावला, डोळे मिटले. वाद्यं सुरू होण्याआधीच, अगदी जवळून, एक लांब, मोकळा श्वास ऐकू आला. कुणीतरी स्टुडिओत ठाण मांडून तो पुसू दिला नव्हता. कुणी, ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

खोलीत मी एकटीच होते. तरी माझं बोट वर गेलं.