ग्लास संपेपर्यंत

बिल्डिंगमधली पोरं त्याला उभे काका म्हणतात. त्याला बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. एकतीस वर्षं तो एका हॉटेलच्या बारमागे उभा होता आणि तिथे खुर्ची नव्हती. थंडीत निवृत्त झाला. घरात चार खुर्च्या होत्या, पण पायांना ते पटेना.

उन्हाळा आला तशा दुपारी लांबत गेल्या. दुपार म्हणजे त्याच्या लेखी बार उघडण्याआधीची वेळ. लिंबं कापायची, ग्लास पुसायचे, बर्फ बघायचा. घरातही तेच सुरू झालं. ओट्यावर शेकर, गाळणी, लांब दांड्याचा चमचा. साखरेचा पाक बाटलीत. फ्रिजच्या ट्रेमधला बर्फ त्याला पसंत नव्हता, भुसभुशीत, बघता बघता पाणी होणारा. म्हणून पाणी उकळून, गार करून, मोठ्या डब्यात गोठवायला ठेवायचा आणि दर वीस मिनिटांनी दार उघडायचा.

"तुम्ही बघता म्हणून तो होत नाही," बायको म्हणाली.

"झाला का, तेच तर बघतोय."

"तेच म्हणतेय मी."

ती सव्वीस वर्षं ग्रंथालयात होती. तो परतायचा तेव्हा ती झोपलेली असायची, ती निघायची तेव्हा तो. एकत्र दुपार अशी दोघांनी पाहिलीच नव्हती. आता तो रोज एखादं कॉकटेल करून तिच्यासमोर ठेवायचा. सोमवारी डायकिरी. मंगळवारी नेग्रोनी, त्यावर तिनं तोंड वाकडं करून विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" दोन घोट होतात न होतात तोच ग्लास उचलून तो खालचं ओलं वर्तुळ पुसायचा.

"अहो, मी पितेय अजून."

"डाग पडतो."

स्वतःसाठी त्यानं कधी ग्लास भरला नाही. चव बघायला स्ट्रॉ बुडवायचा, वरचं टोक बोटानं दाबायचा आणि एक थेंब जिभेवर सोडायचा. एकतीस वर्षं एवढंच. कामावर प्यायचं नाही हा नियम, आणि कामाबाहेर कधी प्यावंसं वाटलं नाही. हजारो ग्लास त्यानं लोकांपुढे सरकवले, संपवला एकही नव्हता.

गुरुवारी पलंगावर तिची बॅग दिसली. शनिवारी बहिणीकडे निघाली होती.

"किती दिवस?"

"उन्हाळाभर."

"आणि मग?"

"मग बघू."

हे 'मग बघू' बंद खोलीतल्या माशीसारखं त्याच्याभोवती फिरत राहिलं. त्यानं खिडकी उघडली, लावली. पुसलेले ग्लास पुन्हा पुसले. फ्रिजचं दार किती वेळा उघडलं याचा पत्ता नाही. शुक्रवारी दुपारी न राहवून तो दारात उभा राहिला.

"माझं चुकलं काय, ते तरी सांग."

ती साड्यांच्या घड्या घालत होती. "चुकलं काही नाही. मला माझ्याच घरात गिऱ्हाईक व्हायचा कंटाळा आलाय." मग त्याच्या खांद्यावरचं फडकं ओढून तिनं स्वतःच्या खांद्यावर टाकलं. "आज मी करते. तुम्ही बसा. ग्लास संपेपर्यंत उठायचं नाही. शिकवायचंही नाही."

"आणि नाही उठलो तर?"

"आधी बसून तर दाखवा."

तो बसला. टेबलाखाली पाय लगेच हलायला लागला.

तिनं टॉम कॉलिन्स करायला घेतलं. जिन अंदाजानं, लिंबू हात सैल सोडून, पाक, बर्फ. आणि मग तिनं सोडाही शेकरमध्येच ओतला. सोडा शेवटी, थेट ग्लासात घालायचा असतो. शेकरमध्ये हलवला तर काय होतं ते त्याला ठाऊक होतं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. त्यानं खुर्चीची कड धरली. तिनं झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी जोरात हलवलं.

झाकण छताला लागून खाली आलं. भिंत, ओटा, तिचा चष्मा, सगळं भिजलं. एक बी घड्याळाच्या काचेवर चिकटली. त्याचा हात खांद्याकडे गेला. खांदा रिकामा होता. ओल्या चष्म्यातून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"उरलंय का काही?" त्यानं विचारलं. बसूनच.

"आहे दोघांपुरतं."

तिनं दोन ग्लासांत वाटून घेतलं आणि समोर बसली. पहिला घोट नुसता आंबट. हा त्याच्या ओळखीचा होता. दुसरा घोट ओळखीचा नव्हता. ती ग्रंथालयाबद्दल बोलत होती. जिन्याखालची खोली, तिथे एकटीनं खाल्लेला डबा, भिंतीवरच्या ओलीचा बदकासारखा डाग. "सव्वीस वर्षं त्या बदकाबरोबर जेवले मी." फरशीवरचा ओघळ खुर्चीच्या पायाकडे सरकत होता. तो ओघळ बघत होता, ऐकत होता, पाय हलत होता. बर्फ विरघळला तसं लिंबू मागे हटलं आणि तळाशी काहीतरी गोडसर, निवांत उरलं. एवढी वर्षं त्याच्या हातून गेलेल्या ग्लासांचं पुढे असं होत होतं, आणि कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

"कसं झालंय?"

"लिंबू जास्त. शेवटी बरं लागलं."

"शेवटी?" तिनं त्याच्या ग्लासात वाकून पाहिलं. फक्त बी होती.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "हो गं, उद्याच येतेय," ती म्हणाली. थोडं थांबून, "नाही, आठच दिवस."

फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "उठू आता?"

तिचा ग्लास अजून निम्मा भरलेला होता. तिनं एक छोटा घोट घेतला.

"माझा संपू द्या."

टेबलाखाली त्याचा पाय पुन्हा हलायला लागला. पण तो बसून होता.