तबकडीतलं खाकरणं

आई आणि आत्या, म्हणजे भावजय आणि नणंद, दोघींची मिळून जन्मात एकच तबकडी निघाली. भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडे कोजागिरीपर्यंत पोरीबाळी म्हणतात त्यातली, दोन गाणी, एका बाजूला एक. खामगावात ग्रामोफोन विकणाऱ्या दुकानदाराने ती गाणी आमच्याच अंगणात ऐकली आणि मुंबईच्या कंपनीकडे शब्द टाकला. आजोबांनी होकार दिला. अट एकच, ते सोबत जाणार.

नांदुऱ्याहून गाडीने तिघं मुंबईला गेली. तिथे आजोबांना ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. पहिलं गाणं रंगात आलं तसं त्यांना राहवलं नाही. दार लोटून ते आत आले, आणि येताना खाकरले. आमच्याकडे सासरा घरात पाऊल टाकण्याआधी खाकरतो; सुना पदर सावरतात, आवाज खाली आणतात. आजोबांनी सवयीने खाकरलं, आईने सवयीने आवाज खाली आणला. कंपनीचा माणूस घाईत होता, चालेल म्हणाला. दुसरं गाणं तर आजोबांच्या समोरच झालं. त्यात आईचा आवाज शोधावा लागतो.

तेव्हा आमचं सरकार नागपूरला, पण गाण्याचा निकाल लागायचा पुण्यात. तिथल्या एका साप्ताहिकाने लिहिलं, की भाषा रांगडी असली तरी पहिल्या गायिकेत दम आहे. दुसरीचा श्वास निम्म्यातच संपतो, तिला वगळलेलं बरं. खामगावच्या हॉटेलात वेगळाच न्याय. तिथे तबकडी पुन्हा पुन्हा लागली ती खाकरण्यासाठी. "थांब बे, आता बुढा येऊन राह्यला," म्हणून लोक कान टवकारत. आत्या मात्र त्यांना पसंत पडली नाही. मुंबईले जाऊन पुण्यावानी बोलली म्हणे.

कंपनीने पुढच्या तबकडीसाठी एकट्या आत्याला बोलावलं. "वैनी नाही, त मीबी नाही," आत्या म्हणाली आणि विषय मिटला. आईला पुन्हा गायचं होतं. तसं ती कधी बोलली नाही, पण दुकानदार दारात दिसला की हातातलं काम टाकून दाराआड उभी राहायची. तो कापसाच्या भावाबद्दल बोलून निघून जायचा.

साप्ताहिकातला मजकूर आजोबांना कोणीतरी वाचून दाखवला. ते एवढंच म्हणाले, "तिचा श्वास काऊन संपीन? मीच मधात गेलो."

त्या दिवसापासून त्यांनी खाकरणं सोडलं. दुपारी ते शेतातून यायचे तेव्हा आई भाकरी थापता थापता गात असायची. ते आत येत नसत. पागोटं मांडीवर घेऊन, उन्हात, ओट्यावर बसून राहात. गाणं संपलं की मग पाय धुवायला उठत. हे बरेच दिवस चाललं आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

एवढ्या चांगुलपणाचं काय करायचं, मला अजून कळत नाही. कधीकधी त्याचा रागही येतो. कारण एके दिवशी पाणी टाकायला बाहेर आलेल्या आईने त्यांना पाहिलं. अंगरखा घामाने भिजला होता.

"मामाजी, कवाचे बसले जी?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"आताच आलो," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर ऊन आलं, आजोबांची यायची वेळ झाली, की आई गाणं थांबवायची. मग ते निम्मंच झालेलं असलं तरी.